पाळण्यावरचा पर्यवेक्षक

तीस वर्षं दहावीच्या परीक्षेत कॉप्या पकडलेल्या माणसाला सव्वा महिन्याच्या बाळावर लक्ष ठेवता येणार नाही, असं जगात कुणी म्हणणार नाही. माझी मुलगी म्हणाली.

म्हणजे तोंडावर नाही म्हणाली. रेवती पुण्याला कंपनीत आहे. तिथली माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, अटी घालतात. बाळंतपणासाठी ती आमच्याकडे सोलापुरात आली होती. दवाखान्यातून घरी सोडताना तिथल्या सिस्टरनं आम्हाला ओळीनं उभं केलं आणि बाळाला कसं झोपवायचं ते सांगितलं. दर वेळी पाठीवर. पालथं नाही, कुशीवर नाही. गादी टणक आणि सपाट. जवळ उशी नको, गोधडी नको, मऊ खेळणी नकोत. डोकं-तोंड झाकायचं नाही, उगाच गुंडाळायचं नाही. आईच्याच खोलीत, पण आपापल्या अंथरुणात. आणि घरात धूर अजिबात नको. सिस्टर असं सांगत होती, की मला आपोआप वही काढून लिहून घ्यावंसं वाटलं.

रिक्षात बसल्या बसल्या रेवती म्हणाली, "बाबा, हे सगळं आपल्या घरी पाळलं जाणार असेल तर मी तीन महिने राहते. नाहीतर बारशाला प्रसाद गाडी घेऊन येतोच आहे. त्याच गाडीतून मी पुण्याला जाईन." (प्रसाद म्हणजे आमचा जावई.)

नेमकं त्याच वेळी नातीनं माझं बोट घट्ट धरलं. (एवढ्या लहान बाळाच्या हाताला काहीही लागलं तरी ते धरतं, असं सुमन म्हणते. सुमन म्हणजे आमची बायको. धरत असेल! पण तिचं नाही धरलं, माझं धरलं!)

"पाळलं जाणार म्हणजे काय?" मी गरजलो. "मी आहे ना!"

रेवतीनं बाळाच्या मुठीतून माझं बोट हळूच सोडवलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे पाळणा. आमचा पाळणा लाकडी, बूड सपाट, पण तो झुलायचा. झुलला की बाळ एका बाजूला कलणार! मी त्याच्या दोन्ही बाजूंना विटा लावल्या, वरून दोरीनं आवळून टाकला आणि गवंड्याकडून लेव्हलची बाटली आणून बुडावर ठेवून बघितली. बुडबुडा बरोबर मध्ये! अख्ख्या सोलापुरात न हलणारा पाळणा फक्त आमच्याकडे होता. वरून मच्छरदाणी अशी ताणून बसवली, की तिच्यावर टिचकी मारली तर टण्ण वाजावं.

"अहो, पाळणा म्हणायचा की पलंग?" सुमन म्हणाली.

"नियम म्हणजे नियम."

"मग आता झोका कशाला देऊ? तुम्हाला?"

दुसरं काम म्हणजे दार. आता सोलापुरात कुणाच्या घरी काहीही झालं तरी चादर येते, हे काय सांगायला हवं? लग्न झालं, चादर. रिटायर झालो, चादर. (मला तर एकाच समारंभात चार मिळाल्या, त्यातल्या दोन मीच आधी कुणाला तरी दिलेल्या होत्या.) मग बाळ झाल्यावर काय होणार? मी दारातच एक टेबल टाकलं आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'उशा, गोधड्या, चादरी व मऊ खेळणी येथे जमा करावीत.' परीक्षेला वर्गाबाहेर दप्तरं ठेवतात ना, तसं.

शेजारच्या लक्ष्मीबाई पहिल्या सापडल्या. त्यांच्या घरी माग आहेत, स्वतःच्या मागावर विणलेली छोटी चादर घेऊन आल्या होत्या बिचाऱ्या.

"ठेवा इथं," मी म्हणालो.

"काय ओ सर, बाळासाठी आणली की ओ!"

"म्हणूनच ठेवा."

"मऊ आहे ओ, हात लावून बघा की!"

"मऊ आहे म्हणूनच तर जमा!"

त्या चादर ठेवून गेल्या त्या चार दिवस फिरकल्या नाहीत. मग सुमनला मी स्वयंपाकघरात ओवा आणि शेगडीसह रंगेहाथ पकडलं. "एवढीशी धुरी हो, जुनी पद्धत आहे आपली!" म्हणत होती. शेगडी जप्त! महिन्याभरात आमच्या कपाटावर चादरींचा असा ढीग झाला, की पंखा फिरताना वरच्या चादरीला घासायला लागला. आणि मी रोज संध्याकाळी रेवतीला अहवाल द्यायचो, "आज एकही गैरप्रकार नाही."

"बरं बाबा," ती म्हणायची. राहणार की जाणार, याबद्दल चकार शब्द नाही!

आता बारशाच्या आठ दिवस आधी मध्येच माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तारीख आधीच ठरलेली होती, करणार काय? डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, डोळ्यात घालायला थेंब दिले आणि सांगितलं, "वाकायचं नाही." काळा चष्मा लावून मी दारात बसायला लागल्यावर येणारी माणसं आपणहून पिशव्या उघडून दाखवायला लागली. परीक्षेच्या भरारी पथकातसुद्धा माझा एवढा दरारा नव्हता!

बारशाच्या दिवशी सकाळच्या एसटीनं वैरागहून अक्का आली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सहा पोरं आणि चौदा नातवंडं वाढवलेली बाई. खरं सांगतो, मला भीती होती ती हिचीच. महिनाभराची शिस्त ही बाई अर्ध्या तासात मोडणार!

"अक्का, पिशवी उघड."

"काय रं दत्तू? दारातच? मी काय चोर हाय व्हय?"

"सगळ्यांची उघडतोय."

पिशवीतून पहिल्यांदा निघाली मोहरीची उशी! बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून डोक्याखाली देतात ती, मोहरी भरलेली छोटीशी, लाल खणाची, टाका टाका घालून शिवलेली.

"जमा!"

"आरं, तुजं डोकं बग की कसं गोल हाय! असल्याच उशीवर मी फिरवलंय त्ये!"

"गोल झालं हो," आतनं सुमनचा आवाज आला. "आत काय झालं ते विचारू नका."

मग निघाल्या दोन गोधड्या. जमा! आणि सगळ्यात खाली फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. वाकायची चोरी म्हणून मी हातानंच चाचपलं. गार, गुळगुळीत, लांबट.

"हे काय?"

"वरवंटा. तुमच्यात मिक्सर हाय, बारशाला वरवंटा कुटनं आणणार? पाळण्यात घालायला नगं व्हय?"

बारशाला आमच्यात बाळाच्या आधी वरवंट्याला टोपरं-कुंची घालून, बाळासारखा नटवून पाळण्यात ठेवतात. दगडासारखं घट्टमुट्ट आयुष्य लाभू दे म्हणून. मी नियम आठवून बघितले. उशी, गोधडी, खेळणी. दगडाबद्दल सिस्टर काहीच बोलली नव्हती.

"हा जाऊ दे," मी उदारपणे म्हणालो. ज्या एका वस्तूवरून माझी अब्रू जायची होती ती मी स्वतःच्या हातानं, तपासून, घरात सोडली!

बारसं संध्याकाळी होतं. आतल्या खोलीत उकडत होतं म्हणून सकाळीच पाळणा बाहेरच्या खोलीत कूलरसमोर आणला होता. मी विटा पुन्हा लावल्या, लेव्हल पुन्हा बघितली. जेवणं झाली, बाळ पाळण्यात पाठीवर शांत झोपलं, आणि मी तीन हातांवर खुर्ची टाकून बसलो. दुपारी तीनच्या सुमाराला डोळ्यात थेंब घातले. थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं असतं.

मी पाच मिनिटं डोळे मिटून बसलो.

(मी झोपलो नव्हतो. हे मी सुमनला, रेवतीला, प्रसादला आणि लक्ष्मीबाईंना वेगवेगळं सांगितलेलं आहे. इथं पुन्हा सांगतो. झोपलो नव्हतो! विचार करत होतो.)

विचार करत असताना मध्येच रेवती काहीतरी म्हणाली आणि मी "हं" म्हणालो, एवढं आठवतं. मग एकदम आरडाओरडा झाला, "पाणी आलं! पाणी आलं!" आता सोलापुरात पाणी रोज येत नाही. आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी बारसं असो की लग्न, घरातली सगळी माणसं बादल्या घेऊन मागच्या अंगणात! मी डोळे उघडले तेव्हा खोलीत मी, कूलर आणि पाळणा. काळा चष्मा लावला. मच्छरदाणीतून बघितलं. बाळ जागच्या जागी! लांबट, गुबगुबीत, पाठीवर, हालचाल नाही. वा! माझी छाती फुगली.

"झोपलंय गं!" मी तिथूनच अंगणाकडे ओरडलो. "अगदी पाठीवर!"

"काय म्हणताय?" सुमनचा आवाज. बादल्यांच्या खडखडाटात तिला काही कळलं नाही, मलाही तिचं पुढचं कळलं नाही.

असा मी पाऊण तास बसलो. पाऊण तास! एकदा डास मारला. दोनदा कूलरची दिशा बदलली, थेट वारा अंगावर नको म्हणून. मोरीतून सुमन काहीतरी घ्यायला आली तर तिला ओठांवर बोट ठेवून पिटाळली. ती माझ्याकडे, मग पाळण्याकडे बघून विचित्र हसली. मला वाटलं, कौतुक!

तेवढ्यात प्रसाद आला. जावई. पुण्याहून एकटा गाडी चालवत, घामाघूम. गाडी दारात उभी होती. हीच ती गाडी! आता दाखवायला हवं, की या घरात बाळ पुण्यापेक्षा सुखरूप झोपतं.

"शूऽऽ! या, प्रसादराव, या. तिथूनच बघा. पाठीवर! उशी नाही, गोधडी नाही. खालची गादी बघा, मूठ मारली तर मूठ दुखेल."

"वा बाबा," तो कुजबुजला. "कधीपासून झोपलीय?"

"पाऊण तास झाला. हललेली सुद्धा नाही!"

"अजिबात नाही?"

"अजिबात! शिस्त आहे, प्रसादराव!"

प्रसाद जरा पुढं सरकला. "बाबा... डोक्यावर टोपरं आहे."

"कुठंय?" मी चष्मा वर केला. होतं की! टोपरं, कुंची, गळ्यापर्यंत गुंडाळलेलं! मी डोळे मिटले... विचार करत होतो तेव्हा अक्कानं डाव साधला होता! महिनाभराची मेहनत, आणि जावयासमोर ही कॉपी!

"बाबा," प्रसादचा आवाज बदलला. "पोट हलताना दिसत नाहीये."

मी बघितलं. एकदा बघितलं, चष्मा काढून बघितलं. पोट हलत नव्हतं. डॉक्टरांचं 'वाकायचं नाही' गेलं खड्ड्यात, मी वाकलो, मच्छरदाणी फाडली आणि कुंचीत हात घातला.

गार. दगडासारखं गार.

चार-चार वर्गांना एका हाकेत गप्प करणारा माझा आवाज, तो फुटेचना! तोंड उघडलं, नुसती हवा. मनात एकच, मी होतो ना इथं! मी बसलो होतो ना! ती राहिली नाही तरी चालेल, आत्ता गाडीत बसून पुण्याला जाऊ दे, वर्षभर तोंड दाखवू नको म्हणू दे, पण हे नको. शेवटी कसा आवाज फुटला ते माहीत नाही, पण असा फुटला की लक्ष्मीबाईंचे माग बंद पडले म्हणतात.

"रेवतीऽऽऽ!"

प्रसादनं झडप घालून पाळण्यातून उचललं. कुंची त्याच्या हातात राहिली. आतलं जे होतं ते सुळकन निसटलं, पाळण्याच्या कडेवर आपटलं, एका विटेचे दोन तुकडे केले आणि नेमकं माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर येऊन पडलं.

अंगणातून सगळे धावत आले. सुमन बादलीसकट. लक्ष्मीबाई कुंपणावरून. मी एका पायावर नाचत होतो, रडत होतो आणि दुसरीकडे बोटानं खाली दाखवत होतो. खाली फरशीवर, हळदकुंकू लावलेला, अक्काचा वरवंटा!

"बाळ?" प्रसाद ओरडला. "बाळ कुठंय?"

आतल्या खोलीचं दार उघडलं. दारात अक्का. हातात हातपंखा, कपाळाला आठी.

"काय कालवा लावलाय रं? पोर जागी हुईल की!"

तिच्यामागं खाली, नुसत्या टणक गादीवर, अंगात एक पातळ झबलं, डोकं उघडं, आजूबाजूला चिंधीसुद्धा नाही, आणि पाठीवर! आमची नात झोपली होती. पोट वरखाली होत होतं. मी लंगडत लंगडत तिच्याशेजारी फरशीवर बसलो आणि ते पोट बघत राहिलो. वर गेलं, खाली आलं. वर गेलं, खाली आलं. चष्म्याखालून पाणी येत होतं. कुणी विचारलं असतं तर थेंब म्हणून सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

"बाबा, मी तुम्हाला सांगून तिला आत नेलं," रेवती म्हणाली. "दूध पाजायला. तुम्ही 'हं' म्हणालात की!"

"आणि संध्याकाळची तयारी म्हणून आम्ही तुमच्या डोळ्यादेखत वरवंटा नटवून ठेवला," सुमन म्हणाली. "डोळे मिटलेले होते, एवढंच."

मी अक्काकडे बघितलं. "आणि तू? तू तिला अशी झोपवलीस? उशी नाही, गोधडी नाही?"

"मग? रेवतीनं मागल्या म्हैन्यात फोनवर सांगितलं की मला. पोराला मान धरता येत न्हाय, नाकाम्होरं मऊ काय आलं तर त्याला बाजूला व्हता येत न्हाय, दम कोंडतो. पटलं मला. सहा पोरं वाढवली म्या, देवाची किरपा, धडधाकट हायती. पर मला हे आदी कोण सांगितलं नव्हतं."

"मग उशी कशाला आणलीस?"

"शिवून झाल्ती आदीच. टाकू का काय? माज्या मानंखाली घेते की म्या!" आणि पंखा माझ्यावर रोखून म्हणाली, "तू म्हैनाभर दारात बसून नुसतं जमा कर, जमा कर म्हणतोस. का जमा करायचं, ते येका तरी माणसाला सांगितलंस व्हय?"

दारातून लक्ष्मीबाईंनी जोरात मान हलवली, "नाही सांगितलं ओ सरांनी. मला वाटलं माझी चादर आवडली नाही."

खरंच! नाही सांगितलं. तीस वर्षं मुलांच्या बाहीतले कागद काढले, पण त्यांना शिकवायचं काम दुसऱ्या कुणाचं तरी आहे, असंच मी समजत आलो.

अंगठा तोवर टोमॅटोएवढा झाला होता. अक्का उठली, दारातल्या टेबलावरून जप्त केलेली मोहरीची उशी आणली, मला खुर्चीत बसवलं, पाय स्टुलावर घेतला आणि टाचेखाली ती उशी सरकवली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! बारसं मी तसाच बसून बघितलं. वरवंटा धुऊन पुसून पुन्हा नटला, पाळण्याची दोरी सुटली, विटा निघाल्या, पाळणा झुलला. नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. आणि नाव ठेवून झाल्या झाल्या बाळाला पाळण्यातून काढून पुन्हा आत टणक गादीवर पाठीवर ठेवलं, ते अक्कानं, न सांगता.

घुगऱ्यांची वाटी हातात घेऊन रेवती माझ्याजवळ आली. मी अंगठ्याकडेच बघत राहिलो.

"कधी निघताय?" मी विचारलं.

"प्रसाद उद्या जातोय. मी राहते तीन महिने."

"माझ्यामुळं?" (माणसाला आशा सुटत नाही!)

"आत्यामुळं. ती पण थांबतेय." मग वाटी माझ्या हातात देत हळूच म्हणाली, "आणि थोडी तुमच्या त्या ओरडण्यामुळं. पण बाबा, पहाऱ्याला तुम्ही नाही."

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर तिनं वेळापत्रक चिकटवलं. सकाळी आई, दुपारी आत्या. लक्ष्मीबाई दोन शेजारणींना घेऊन आल्या, तेव्हा मी दारात बसून त्यांना मान, नाक, दम सगळं नीट समजावून सांगितलं आणि चादर सन्मानानं परत केली. अर्धा तास बोललो. त्या म्हणाल्या, "सर, शाळेत असं शिकवत होता का ओ?" मी विषय बदलला.

वेळापत्रकात सगळ्यात खाली माझंही नाव आहे. 'बाबा : वरवंटा.' तो सध्या माझ्या ताब्यात आहे, खिडकीखालच्या फळीवर. पाठीवर झोपतो. उशी नाही, चादर नाही, तोंड उघडं. आणि अभिमानानं सांगतो, माझ्या देखरेखीखाली तो आजतागायत एकदाही कुशीवर वळलेला नाही!